हात की पाय? तायक्वांदोत हाताला किती वेळ द्यायचा

प्रश्न खानापूरकडच्या एका पोराचा आहे. रेड बेल्ट, कॉलेजला जातो, सर नसले की संध्याकाळी बारक्या पोरांचा क्लासपण घेतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की आमच्या क्लासमध्ये दीड तासातला सव्वा तास किकिंगच चालतं, हाताचं म्हणजे वॉर्मअप झाल्यावर हवेत पंच मारायचे आणि बेल्ट टेस्ट जवळ आली की पूमसे, म्हणजे एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली, बास. कराटे शिकणारा दोस्त चिडवतो, "तुमच्यात हात कशाला ठेवल्यात रे, शोला?" तर हाताची प्रॅक्टिस वेगळी करावी काय, किती वेळ करावी, बॉक्सिंग लावावं काय, आणि नकल पुशअप्स, म्हणजे मुठीवर टेकून पुशअप्स, मारून मूठ पक्की होते काय, हे त्याला पाहिजे.

बेळगावात बरीच वर्षं शिकवतोय, हाच प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कोणतरी विचारतंयच, म्हणून एकदा सगळंच लिहून टाकतो. लांबेल, चहा घेऊन बस.

आधी सरळ उत्तर. हात शिकायला पाहिजे, नक्की पाहिजे. पण हात एक विषय आणि पाय दुसरा विषय असं धरून घड्याळ लावून वेळ वाटत बसलास तर वर्षभरानं पण तू तिथंच असणार. मॅचमध्ये हाताचं मुख्य काम पॉइंट काढायचं नाहीच, पायाला जागा करून द्यायचं आहे. अंतर ठरवणारा हात, समोरच्याची किक अडवणारा हात, त्याला एका पायावर असताना मागं ढकलणारा हात. हे ज्याला जमलं त्याच्या किका दुप्पट लागतात, आणि ज्याला नाही जमलं तो हॉलमध्ये पॅडवर वाघ असतो आणि मॅटवर गेला की कुणीतरी अंगाला चिकटलं की संपला.

आता क्लासमध्ये हात का मागं पडला ते बघ, कारण यात तुझ्या सरांची चूक कमी आणि पॉइंट सिस्टिमची जास्त आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकला जे पॉइंट होते तेच घे: चेस्ट गार्डवर पंचला 1, चेस्ट गार्डवर किकला 2, डोक्यावर किकला 3, फिरून मारलेली किक चेस्ट गार्डवर बसली तर 4 आणि फिरून डोक्यावर बसली तर 5. तोंडावर पंच मारायचाच नाही, मारला तर गमजोम, म्हणजे समोरच्याला फुकटचा पॉइंट. राउंड टाय झाला तर आधी फिरून मारलेल्या किकांचे पॉइंट कुणाचे जास्त ते बघतात, त्यातपण सारखे असले तर डोकं, मग चेस्ट गार्ड, आणि पंचचा नंबर त्याच्याही नंतर. वर अजून एक गंमत, चेस्ट गार्डवरच्या किकचा पॉइंट सेन्सर देतो, सॉक्समध्ये मॅग्नेट असतात, किक बसली की स्क्रीनवर आकडा आपोआप. पंचला हे काही नाही. पंच कॉर्नर जजनी डोळ्यानं बघून बटण दाबायचा, तीन जज असतील तर निदान दोघांनी एकाच वेळी दाबायला पाहिजे. सरळ, घट्ट मुठीनं, नकल्सनं, जोरात, आणि मुख्य म्हणजे समोरचा हललेला दिसला पाहिजे. एवढं करून मिळणार किती, तर एक. मग कुठला कोच डिस्ट्रिक्ट स्पर्धेच्या आधी पंचवर तास घालवणार, सांग की.

पोरांना आणि पालकांना तर फिरून मारलेली किकच आवडते. रिओला 2016 मध्ये 80 किलोखालच्या फायनलला आयव्हरी कोस्टचा शेख सिसे शेवटच्या सेकंदाला मागं होता, एक फिरून डोक्यावर मारली आणि गोल्ड घेऊन गेला, 8-6. तो व्हिडिओ बघितलेलं प्रत्येक पोरगं दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये येऊन भिंगरीसारखं फिरायला लागतंय. फिरू दे, माझं काही म्हणणं नाही, पण त्या किकच्या आधी अंतर कसं तयार झालं हे कुणी रिवाइंड करून बघत नाही.

तुझ्या त्या कराटेवाल्या दोस्ताला एक सांग. तायक्वांदोचे सुरुवातीचे जे क्वान म्हणजे शाळा होत्या, त्यातली 1944 ची चुंग दो क्वान, ती काढणारे ली वॉन-कुक जपानमध्ये शोतोकान कराटे शिकून आलेले. म्हणजे मुळात हात होताच, भरपूर होता. नंतर चेस्ट गार्ड घालून फुल कॉन्टॅक्ट स्पर्धा सुरू झाल्या, 1973 मध्ये सोलला पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, 1988 ला सोल ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनी खेळ, 2000 ला सिडनीत पूर्ण मेडल. आणि या सगळ्या प्रवासात नियमच असे होत गेले की पायाला किंमत वाढली. आयटीएफवाले, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, 1966 मध्ये निघालेली, ऑलिम्पिकवाल्यांपेक्षा वेगळी संघटना, त्यांच्याकडे ग्लोव्हज घालून तोंडावरपण पंच चालतो, त्यांची पोरं बघ, गार्ड आपल्यापेक्षा वर असतो आणि हात जास्त चालतो. खेळ एकच, नाव एकच, नियम बदलला की अंग बदललं. तेव्हा "तायक्वांदोत हात नाही" हे वाक्यच बरोबर नाही, आपल्या नियमात हाताला भाव कमी आहे एवढंच.

आणि दुसरं टोक पण बघून ठेव. पॅरा तायक्वांदो. आपली अरुणा तंवर टोकियो पॅरालिम्पिकला खेळली, तायक्वांदोत पॅरालिम्पिकला गेलेली पहिली भारतीय. त्या गटातल्या खेळाडूंच्या हाताला, मनगटाला, बोटांना अडचण असते, म्हणून तिथं पंचला पॉइंटच नाही आणि डोक्यावर किकपण नाही. फक्त चेस्ट गार्डवर किक. तरीसुद्धा त्यांच्या मॅच लक्ष देऊन बघ, जेवढा हात आहे तेवढा सतत कामात असतो, अडवायला, अंतर ठेवायला, बॅलन्सला. पंचचे पॉइंट पूर्ण काढून टाकले तरी हात सुटत नाही, माझ्या म्हणण्याला यापेक्षा चांगला दाखला मला सापडलेला नाही.

आता कामाचं. सगळ्यात आधी गार्ड, कारण नव्वद टक्के पोरांचा हाताचा प्रॉब्लेम पंचचा नसतोच, हात खाली पडायचा असतो. उजव्या पायानं बांदाल मारली, म्हणजे आपली नेहमीची राउंड किक, की उजवा हात खाली-मागं झटकला जातो. हे आळसानं होत नाही, अंग एका बाजूला फिरलं की बॅलन्स ठेवायला हात उलट बाजूला जातोच, शरीराचा हिशेबच तो. म्हणून "हात वर, हात वर" ओरडून काही होत नाही, मी कित्येक हॉलमध्ये बघतोय सर घसा कोरडा होईपर्यंत ओरडतात आणि पोरगं दोन किकांपुरतं वर करतंय, तिसऱ्याला परत खाली. उजवा गेला तर जाऊ दे थोडा, पण डावा हात गालाजवळून हलता कामा नये. एकाच हाताचं काम द्यायचं म्हणजे पोराच्या डोक्यात बसतंय. आणि उजवा पण मांडीला लागेपर्यंत नको, चेस्ट गार्डच्या पुढून तिरका जाऊन परत वर यायला पाहिजे.

याला माझ्याकडे एकच ड्रिल आहे आणि ते फार साधं आहे. पार्टनरच्या दोन्ही हातात टार्गेट पॅड. एका पॅडवर पोरगं किक मारणार, आणि पाय खाली यायच्या आत पार्टनरनं दुसरा पॅड त्याच्या गालाकडे आणायचा, हळू, टपली मारल्यासारखा. डावा हात जागेवर असला तर पॅड हातावर येतो, नसला तर गालावर. बास. शंभर वेळा सांगून जे कळत नाही ते आठ-दहा टपल्यांत कळतंय. फक्त पार्टनर समजदार पाहिजे, नाहीतर दोन दोस्त असले की टपलीची थप्पड व्हायला वेळ लागत नाही आणि मग क्लासच्या नावानं बोंब.

यूट्यूबवरच्या इंटरनॅशनल मॅच बघून एक शंका येणार तुला, की ते लोक तर हात खालीच सोडून उड्या मारत असतात. बरोबर. त्यांचं अंतराचं गणित पक्कं झालेलं असतं, मागं झुकायला येतंय, आणि तोंडावर पंच येणारच नाही हे माहीत असल्यामुळं हात पोटाजवळ ठेवून चेस्ट गार्ड झाकतात. ते नंतरचं. तुझ्या त्या यलो आणि ग्रीन वन बेल्टच्या पोरांनी तसं केलं तर पहिल्याच मॅचला हेड गार्डवर किक घेऊन रडत बाहेर येणार, आणि मग आई विचारणार, "सर, हे सेफ आहे म्हणाला होतासा की?"

पंच. मॅचचा पंच आणि हवेतला पंच यांचा संबंध फार कमी आहे. मॅचमध्ये पंच दोन ठिकाणी कामाचा. एक, समोरच्यानं मागच्या पायानं बांदाल सोडली, ती तू पुढच्या हातानं अडवलीस आणि त्याच क्षणी मागच्या हाताचा सरळ पंच त्याच्या छातीच्या मध्यावर. तो त्या वेळी एका पायावर आहे, पंच हलका असला तरी मागं जातोच. दुसरं, हल्ली सगळेच पुढचा पाय उचलून कट मारत असतात, तलवारबाजी केल्यासारखं पायानं पाय अडवत राहतात. पुढचा पाय वर उचलला की परत तो एका पायावर. तिथं आत शिरून पंच दिलास तर त्याचा कट मोडतो. दोन्ही ठिकाणी पंच देऊन थांबायचं नाही. पंच, आणि तो मागं सरकून पाय टेकवायच्या आत तुझी किक. पंचचा एक पॉइंट जजनी दिला तर प्रसाद समजायचा, खरे दोन किंवा तीन त्याच्या मागून येणाऱ्या किकचे. अडवायचं, पंच, किक, या तिन्हीमध्ये श्वास घ्यायला थांबलास तर ड्रिल फुकट गेलं.

पंच मारताना मनगट बघ, हे मी जवळ जाऊन बघतो. बारीक पोरींमध्ये हमखास दिसतं, मूठ चेस्ट गार्डला टेकली की मनगट आत वाकतं, कोपर बाहेर निघतं, आणि सगळा जोर मुठीत जायच्या ऐवजी मनगटात राहतो. ग्लोव्हज आपले पातळ असतात, बॉक्सिंगसारखं बँडेज नसतं, मनगट मुरगळायला एक पंच पुरतो. मी त्यांना आधी पंच मारायलाच देत नाही. मूठ चेस्ट गार्डवर टेकवायची, पहिल्या दोन नकल्स बरोबर, अंगठा बाहेरून बोटांवर घट्ट, मनगट ते कोपर एक रेघ, आणि पार्टनरला नुसतं ढकलत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं, पायाच्या जोरानं, खांद्याच्या नाही. मनगट वाकलं की लगेच दुखतंय, म्हणजे चूक अंगालाच कळते. दोन-तीन दिवस हे झालं की मग एक वीत अंतरावरून पंच, मग हातभर अंतरावरून. आवाजावरून पण ओळखू येतंय, बरोबर बसला की चेस्ट गार्ड 'धप्प' करतंय आणि पार्टनर मागं जातोय, चुकला की नुसता 'चट' करून कापड वाजतंय. जजना पण तेच ऐकू जातं.

क्लिंचबद्दल, म्हणजे दोघं अंगाला चिकटतात त्याबद्दल, आपल्या भागाचं वेगळं सांगायला पाहिजे. आपल्याकडे येणाऱ्या पोरांत तालमीतली पोरं बरीच, येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, तुमच्या खानापूर बाजूची पण, घरात आजोबा-काका कुणीतरी पैलवान असतंय. अशा पोराची कंबर खाली, पाय जड, किक सावकाश, पण अंगाला अंग लागलं की त्याच्यासारखा कोणी नाही. प्रॉब्लेम एकच, हात लागला की बोटं आपोआप मिटतात. मानेत हात, दंडाला पकड, चेस्ट गार्डची पट्टी धरायची. रेफ्री "कल्यो", म्हणजे थांबा, म्हणतोय आणि गमजोम दाखवतोय, आणि पोराला कळतच नाही आपण काय केलं, कारण त्याच्या मते त्यानं अजून सुरुवातच केली नव्हती. आताच्या बेस्ट ऑफ थ्री मध्ये, म्हणजे तीनपैकी दोन राउंड जिंकायच्या पद्धतीत, एका राउंडला पाच गमजोम झाले की राउंड गेला, तेव्हा हे परवडत नाही.

अशा पोराला "पकडू नको" सांगून होत नाही, लहानपणापासूनची सवय आहे ती. त्याला हात कुठं ठेवायचा ते द्यायला लागतंय. मी बोटं मिटलेलीच ठेवायला सांगतो, सैल मूठ, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग समोरच्याच्या खांद्याच्या खाली आडवा टेकवायचा. मुठीनं पकडता येत नाही, विषय संपला. आता त्या आडव्या हातानं दाब द्यायचा, समोरचा उलट दाब देणार, त्याचा दाब आला की हात सोडून अर्धं पाऊल मागं, आणि तो पुढं झुकलेला असताना किक. तालमीतल्या पोराला हे एका संध्याकाळी कळतंय कारण समोरच्याचा जोर वाचणं त्याला आधीपासून येतंय, शहरातल्या फ्लॅटमधल्या पोराला महिना जातोय. ढकलणं चालतं हे लक्षात ठेव, पण लाइनच्या बाहेर ढकललंस किंवा तो किक मारताना ती अडवायला म्हणून ढकललंस तर तो पण गमजोम. आणि चिकटून उभं राहून गुडघा बाहेर वळवून बाजूनं टाच-तळवा टेकवायची जी फॅशन आली होती ती आता चालत नाही, ती पोरांना शिकवूच नको.

पूमसेबद्दल माझं मत काही जणांना आवडत नाही. पहिला तेगुक, म्हणजे सुरुवातीच्या पूमसेतला पहिला, इल जांग, त्यात 18 हालचाली आहेत आणि किक किती, दोन अप चागी, म्हणजे समोरच्या सरळ किका. बाकी सगळा हात. पुढं साम जांगला सोन्नलनं, म्हणजे हाताच्या कडेनं, मानेवर फटका येतो, सा जांगला बोटांच्या टोकाचा वार येतो, ओ जांगला कोपर येतं. म्हणजे सिलॅबसमध्ये हात ठासून भरलाय. पण पूमसे करून मॅचचा हात सुधारतो असं जे म्हणतात ते मला पटत नाही. पूमसेत एक हात पंचला जातो आणि दुसरा कमरेला ओढला जातो, मॅचमध्ये तोच हात कमरेला नेलास तर डोकं उघडं. पूमसेचा फायदा वेगळा आहे, कंबर फिरवून हातात जोर कसा आणायचा, खांदा वर न चढवता पंच कसा द्यायचा, पाय टेकणं आणि हात पोचणं एकाच वेळी कसं, हे अंगात मुरतं. तो फायदा मोठा आहे. पण पोरांना स्पष्ट सांगायला पाहिजे की पूमसेचा हात कमरेला, क्योरुगीचा, म्हणजे मॅचचा, हात गालाला. न सांगता सोडलं की पोरं दोन्हीचा काला करतात, मॅचमध्ये हात कमरेला आणि बेल्ट टेस्टला पंच अर्धवट. ज्याला फक्त पूमसेच खेळायचंय त्याचं गणित वेगळं, तिथं ॲक्युरसीला 4 आणि प्रेझेंटेशनला 6 मार्क असतात, त्यानं हाताला निम्म्याहून जास्त वेळ द्यावाच.

वेळेचं विचारलंस म्हणून सांगतो, पण हा आकडा फळ्यावर लिहून ठेवू नको. मॅच खेळणाऱ्या पोराला दीड तासाच्या क्लासमध्ये पंधरा-वीस मिनिटं हाताची, तीही किकला जोडून. बारक्यांना, म्हणजे यलोपर्यंत, निम्मा-निम्मा, कारण त्यांची कंबर आणि मांड्या अजून सुटलेल्या नसतात आणि नुसत्या किका मारून कंटाळतात पण. तालुका-डिस्ट्रिक्टच्या आधीचा महिना हाताचं नवीन काहीही शिकवायचं नाही, जे येतंय तेच. आणि स्पर्धा संपल्या की पुढचे दोन महिने हाताला जास्त, त्या वेळी पाय दमलेले असतात आणि डोकं मोकळं असतं.

गुडघ्याचं एक यातच आलं. दहा ते पंधरा वयात पोरं भराभर उंच होतात आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखायला लागतो, दाबलं की कळ येते, उड्या आणि किका मारल्या की वाढतं. हे फार कॉमन आहे, आणि पालक दोन टोकांना जातात, एक क्लास बंद करतात, दुसरे "दुखतंय तर दुखू दे, पैलवान आहेस की" म्हणतात. डॉक्टरना दाखवायचं, आणि ते म्हणतील तेवढे दिवस पायाला आराम द्यायचा, पण पोराला घरी बसवायचं नाही. त्या दिवसांत गार्ड, मूठ, खांदा, कंबर, पूमसेचा वरचा भाग, भरपूर करता येतंय. असं थांबलेलं पोरगं परत मॅटवर आलं की बाकीच्यांपेक्षा हातात पुढं असतंय, हे मी बऱ्याच जणांत बघितलंय.

आपला पाऊस पण हाताच्या बाजूनं आहे. जून-जुलैला खानापूरला काय अवस्था असते ते मी तुला सांगायला नको. मैदान बंद, समाज मंदिराच्या हॉलमध्ये क्लास, खाली शहाबादी फरशी ओली, जिगसॉ मॅट टाकल्या तरी खालून पाणी धरतात आणि सरकतात. अशा ठिकाणी फिरून किका मारायला लावणं म्हणजे घोट्याचं तिकीट काढणं. ते दोन महिने हाताचे. जोडीजोडीनं, जागेवर उभं राहून, अडव-पंच-सरक, क्लिंचमधला दाब. जागापण कमी लागते.

बॉक्सिंग लावू काय विचारलंस. लाव, पण दोन-तीन महिन्यांसाठी, आणि कशासाठी चाललोय ते ठरवून जा. तिथं तुला अंतर मिळेल, पंच मारून हात त्याच वाटेनं परत आणायची सवय मिळेल, आणि तोंडावर काहीतरी येतंय म्हणून डोळे मिटायचे बंद होतील, हे तिसरं सगळ्यात मोलाचं. पण दोन सवयी तिथंच ठेवून ये. एक म्हणजे खाली वाकून पंच चुकवायची, बॉक्सिंगमध्ये ती हुशारी आहे, आपल्याकडे तू वाकलास की डोकं स्वतःहून समोरच्याच्या पायाच्या उंचीवर आणून दिलंस, बसल्या जागी तीन पॉइंट. दुसरी, वजन पुढच्या पायावर टाकायची. पुढचा पाय जड झाला की कट गेला, आणि आजकाल कट गेला म्हणजे अर्धी मॅच गेली. आणि हो, हुक-अपरकट तिथं मन लावून शिकलास तरी आपल्याकडे सरळ पंचलाच पॉइंट आहे.

रस्त्यावर काय, हे तू विचारलं नाहीस पण तुझा दोस्त पुढच्या वेळी तेच काढणार. जीन्स घातलेली, चप्पल पायात, रस्ता उतरता आणि ओला, तिथं कुणी डोक्यावर किक मारत नाही, मारू पण नये. ग्लोव्हज नसलेल्या मुठीनं दुसऱ्याच्या डोक्यावर जोरात मारलंस तर करंगळीच्या बाजूचं हाताचं हाड तुझंच मोडतंय, हे डॉक्टर लोकांना एवढं ओळखीचं आहे की त्याला बॉक्सर फ्रॅक्चर असं नावच आहे. तळहाताचा खालचा भाग, आपण बातांगसोन म्हणतो तो, आणि कोपर, आणि जवळ आला तर गुडघा. मारायचं आणि पळायचं, 112 ला फोन लावायचा. मुलींच्या बॅचला मी हेच शिकवतो, आणि मनगट सोडवून घ्यायचं. यात हात ऐंशी टक्के आणि पाय पळायला.

राहिलं नकल पुशअप्स. पूर्ण वाढ झालेल्या माणसानं मॅटवर, मनगट सरळ ठेवून, दहा-पंधरा मारले तर मनगटाला ताकद येते, चांगला व्यायाम आहे. पण सिमेंटवर, डांबरावर, नकल्स काळ्या पडेपर्यंत, आणि तेही आठवी-नववीच्या पोरांना, हे मला अजिबात पसंत नाही. त्या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, तिथं मार बसला तर आयुष्यभराचं दुखणं. मूठ पक्की व्हायला ओला टॉवेल पिळायचा, दोन्ही बाजूंनी, रोज आंघोळीनंतर. आणि गॅदरिंगला कौलं फोडायचा जो कार्यक्रम असतो, त्यात बारक्यांना उभं करू नको, हेडमास्तरनी कितीही आग्रह केला तरी. टाळ्या हेडमास्तरना मिळतात आणि सुजलेला हात घेऊन पोराची आई तुझ्याकडे येते. मोठ्या पोरांनी फोडायची असतील तर टाचेनं किंवा पायाच्या कडेनं फोडा.

ग्लोव्हज घेताना ऑनलाइन स्वस्तातले घेऊ नको, त्यात नकल्सवरचा फोम महिन्यात बसतो. हातात घालून मूठ वळून बघ, मूठ पूर्ण बंद होत नसेल तर साइज मोठा आहे, एक नंबर कमी घे. बारक्यांच्या क्लाससाठी चार जोड्या सर्वांच्यात पुरतात, फक्त वापरल्यावर उलटे करून फॅनखाली वाळव, नाहीतर पावसाळ्यात हॉलभर वास सुटतोय.